मंत्रचळ आणि मेंदूच्या प्रतिमा : काय दिसते, काय दिसत नाही

प्रास्ताविक

अपसामान्य मानसशास्त्राच्या तासाला मंत्रचळ हा विषय शिकवून झाला की जवळजवळ दरवर्षी एक प्रश्न येतो : "मॅडम, हे स्कॅनमध्ये दिसतं ना?" प्रश्न साधा आहे, परंतु तो नेहमी केवळ कुतूहलातूनच आलेला असतो असे नाही. विचारणाऱ्याच्या घरात कोणीतरी तासन् तास हात धुणारे असते, किंवा तो स्वतःच दाराची कडी दहा-दहा वेळा तपासून महाविद्यालयात उशिरा पोहोचत असतो. 'हे नाटक नाही, हट्ट नाही, हा आजार आहे' असे घरच्यांना दाखवता येईल असा एखादा कागद त्याला हवा असतो. मेंदूचे रंगीत चित्र हा तो कागद असेल, अशी त्याची आशा असते.

आपली पाठ्यपुस्तके या आशेला खतपाणी घालतात. मंत्रचळाच्या प्रकरणात बहुधा मेंदूच्या दोन प्रतिमा शेजारी शेजारी छापलेल्या असतात, एक 'निरोगी' व्यक्तीची आणि दुसरी 'रुग्णाची'. दुसरीत लाल-पिवळा रंग अधिक असतो. या दोन चित्रांमागे सुमारे चार दशकांचे संशोधन उभे आहे. त्या संशोधनाने नेमके काय सिद्ध केले आणि काय सिद्ध केले नाही, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. हे संशोधन रुग्णांच्या गटाविषयी पुष्कळ काही सांगते, पण समोर बसलेल्या एका व्यक्तीविषयी जवळजवळ काहीच सांगत नाही, हे लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे.

विकाराचे स्वरूप

'मंत्रचळ' हा मराठीतील जुना आणि अर्थवाही शब्द होय. अभ्यासक्रमात त्यालाच 'कल्पना-क्रिया अनिवार्यता विकृती' असे म्हटले जाते आणि दवाखान्यात 'ओसीडी'. नको असलेला, अस्वस्थ करणारा विचार पुन्हा पुन्हा मनात घुसणे हे त्याचे एक अंग, आणि ती अस्वस्थता तात्पुरती घालवण्यासाठी एखादी कृती पुन्हा पुन्हा करावीच लागणे हे दुसरे. आयुष्यात केव्हा ना केव्हा हा विकार होणाऱ्यांचे प्रमाण शंभरात सुमारे दोन असे सामान्यतः मानले जाते.

रुग्णाला आपला विचार अवास्तव आहे हे बहुतेक वेळा कळत असते. हात स्वच्छ आहेत हे त्याला ठाऊक असते, तरीही 'स्वच्छ झाले' ही खात्री आतून उमटत नाही. कळणे आणि खात्री पटणे यांच्यातील ही फारकत या विकाराचे मर्म आहे, आणि मेंदूशास्त्रज्ञांना त्याचे आकर्षण वाटण्याचे कारणही तेच आहे. आपल्याकडे सोवळ्या-ओवळ्याच्या संस्कारात ही फारकत झाकली जाते. 'आजींचं सोवळं फार कडक' या कौतुकाच्या वाक्याआड एखाद्या स्त्रीचे अर्धे आयुष्य न्हाणीघरात गेलेले असू शकते. सोवळे पाळणाऱ्याला विधी पूर्ण झाल्याचे समाधान मिळते. मंत्रचळाने ग्रासलेल्याला ते मिळत नाही.

प्रतिमांकनापूर्वीचे धागेदोरे

पिएर जाने यांनी १९०३ मध्ये आणि सिग्मंड फ्रॉइड यांनी १९०९ मध्ये या विकाराची जी विवरणे दिली, ती मनोव्यापाराच्या भाषेत होती. परंतु त्यानंतर थोड्याच वर्षांत वेगळ्या दिशेने पुरावा येऊ लागला. १९१७ मध्ये फॉन इकॉनोमो यांनी वर्णिलेल्या मेंदूज्वराच्या साथीतून वाचलेल्या काही रुग्णांत कंपवातासारख्या हालचालींबरोबरच अनिवार्य विचार व कृती दिसू लागल्या. घशाच्या जंतुसंसर्गानंतर मुलांना होणाऱ्या सिडनहॅम कोरिया या विकारातही तसेच आढळले. हे दोन्ही आजार मेंदूच्या खोल भागातील बेसल गँग्लिया या पेशीसमूहाला बाधा पोहोचवतात. हा भाग हालचालींचे नियमन करतो एवढेच तेव्हा माहीत होते. हालचाल आणि विचार यांचा काही समाईक दुवा तेथे असावा, ही शंका अशी निर्माण झाली. मात्र जिवंत, चालत्या-बोलत्या माणसाच्या मेंदूत डोकावण्याचे साधन तोपर्यंत नव्हते.

प्रतिमा कशी तयार होते?

पुढील विवेचन समजण्यासाठी हा तांत्रिक भाग थोडा तपशिलाने पाहणे आवश्यक आहे, कारण गैरसमजांचे मूळ बहुधा येथेच असते. मेंदूची प्रतिमा हे छायाचित्र नव्हे.

पॉझिट्रॉन उत्सर्जन चित्रण, म्हणजेच पेट स्कॅन, या पद्धतीत किरणोत्सारी फ्लोरिन जोडलेले, ग्लुकोजसारखे एक द्रव्य शिरेतून दिले जाते. अधिक काम करणाऱ्या पेशी अधिक ग्लुकोज घेतात, त्यामुळे तेथे हे द्रव्य अधिक साठते व त्यातून निघणारे किरण यंत्र मोजते. द्रव्य शोषले जाण्यास अर्धा तास किंवा थोडा अधिक काळ जातो. म्हणजे चित्रात जे दिसते ती त्या काळातील चयापचयाची गोळाबेरीज असते, एखाद्या क्षणीचा विचार नव्हे.

कार्यात्मक चुंबकीय अनुस्पंदन, म्हणजेच एफएमआरआय, या पद्धतीत किरणोत्साराची गरज नसते. सेजी ओगावा व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० मध्ये दाखवून दिले की रक्तातील ऑक्सिजनच्या प्रमाणानुसार चुंबकीय संकेत बदलतो. मेंदूचा जो भाग कामाला लागतो तिकडे काही सेकंदांनी रक्तप्रवाह वाढतो, आणि यंत्र तो बदल टिपते. म्हणजे मोजले जाते ते रक्त. चेतापेशींचे कार्य त्यावरून अनुमानाने काढले जाते. तीन मिलिमीटर बाजूच्या एका घनात काही लाख चेतापेशी असतात आणि त्यांतील संकेताचा फरक बहुधा एक-दोन टक्क्यांहून अधिक नसतो. एका स्थितीतील संकेतातून दुसऱ्या स्थितीतील संकेत वजा करायचा, उरलेला फरक संख्याशास्त्रीय कसोटीवर घासायचा, आणि कसोटी उतरलेल्या बिंदूंना रंग द्यायचा, अशी ही रीत आहे. लाल रंग मेंदूत नसतो. तो संशोधकाने निवडलेल्या उंबरठ्याचा रंग असतो.

हा उंबरठा किती महत्त्वाचा आहे याचे एक गमतीदार पण बोधक उदाहरण २००९ मध्ये अमेरिकेतील क्रेग बेनेट व त्यांच्या सहकाऱ्यांनी दिले. त्यांनी मेलेला सामन मासा यंत्रात ठेवला, त्याला माणसांची छायाचित्रे 'दाखवली' आणि हजारो बिंदूंची एकाच वेळी कसोटी घेताना करावी लागणारी संख्याशास्त्रीय दुरुस्ती मुद्दाम टाळली. मृत माशाच्या मेंदूत काही बिंदू 'सक्रिय' दिसले! प्रतिमांकन निरर्थक आहे असे त्यांना म्हणायचे नव्हते. दुरुस्ती न करणारे निबंध त्या काळी सर्रास प्रसिद्ध होत होते, त्यांना हे उत्तर होते.

१९८७ : वलयाचा शोध

मंत्रचळाच्या प्रतिमांकनाचा पाया कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस येथील लुईस बॅक्स्टर व सहकाऱ्यांच्या अभ्यासाने घातला, असे म्हणण्यास हरकत नाही. १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात मंत्रचळाचे १४ रुग्ण, अवसादाचे १४ रुग्ण आणि १४ निरोगी व्यक्ती यांची पेट स्कॅनद्वारे तुलना करण्यात आली. मंत्रचळाच्या गटात डोळ्यांच्या खोबणीच्या लगेच वर असलेल्या ऑर्बिटोफ्रंटल या ललाटभागात, तसेच बेसल गँग्लियातील कॉडेट केंद्रकात ग्लुकोजचा वापर अधिक आढळला. अवसादाचा गट तुलनेस घेणे ही या अभ्यासाची मोठी जमेची बाजू होती. निरोगी व्यक्तींशी केलेल्या तुलनेत जो फरक दिसतो, तो केवळ 'आजारी असण्याचा' की या विशिष्ट आजाराचा, हे त्याशिवाय सांगता आले नसते. मंत्रचळाच्या रुग्णांपैकी अनेकांना अवसादही होता. म्हणून पुढच्याच वर्षी अवसाद नसलेल्या रुग्णांवर अभ्यास करून त्यांनी निष्कर्षाची फेरतपासणी केली.

या निष्कर्षाला सैद्धांतिक चौकट आयतीच मिळाली. १९८६ मध्ये अलेक्झांडर, डीलाँग व स्ट्रिक यांनी मांडले होते की ललाटभागाचे निरनिराळे प्रदेश बेसल गँग्लियाकडे, तेथून थॅलॅमसकडे आणि तेथून परत ललाटभागाकडे जाणाऱ्या समांतर वलयांनी जोडलेले आहेत. एक वलय हालचालींचे, दुसरे नेत्रगतीचे, तर आणखी काही निर्णयाची व भावनेची. ऑर्बिटोफ्रंटल भाग 'काहीतरी चुकले आहे' किंवा 'हे धोक्याचे आहे' असे मूल्यमापन करण्यात सहभागी असतो. कॉडेट केंद्रकात त्या सूचनांची चाळणी होते आणि थॅलॅमस त्या पुढे पाठवतो. चाळणी सैल झाली तर 'चुकले आहे' ही सूचना वलयात फिरतच राहते. कडी लावलेली डोळ्यांना दिसते, पण धोक्याची घंटा बंद होत नाही. कळणे आणि खात्री पटणे यांतील फारकतीचे इतके नेटके स्पष्टीकरण पूर्वी कोणी दिले नव्हते, आणि त्याच्या लोकप्रियतेचे रहस्य या नेटकेपणातच असावे.

पुढे स्कॉट राउच व सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये आठ रुग्णांवर लक्षण-उद्दीपनाचा प्रयोग केला. प्रत्येक रुग्णाला त्याच्या स्वतःच्या भीतीशी निगडित वस्तू आणि तिच्यासारखीच पण निरुपद्रवी वस्तू अशा दोन्ही परिस्थितींत तपासण्यात आले. लक्षणे उसळली तेव्हा ऑर्बिटोफ्रंटल भाग, उजवे कॉडेट केंद्रक आणि अग्र सिंग्युलेट या भागांत रक्तप्रवाह वाढला. रुग्णाची तुलना येथे त्याच्या स्वतःशीच होती, हे या रचनेचे बलस्थान. मात्र सर्वांचेच निष्कर्ष जुळले असे नाही. सुसान स्वेडो व सहकाऱ्यांच्या १९८९ मधील अभ्यासात, ज्यांचा आजार बालपणी सुरू झाला होता अशा रुग्णांत ललाटभागाची वाढीव क्रिया आढळली, परंतु कॉडेट केंद्रकात तसा फरक दिसला नाही. २००४ मध्ये व्हाइटसाइड व सहकाऱ्यांनी तोवरच्या कार्यात्मक अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण केले तेव्हा सातत्याने टिकून राहिलेले फरक दोनच निघाले : ऑर्बिटल भाग आणि कॉडेट केंद्रकाचे शीर्ष.

औषध आणि वर्तनोपचार : १९९२ चा अभ्यास

प्रस्तुत लेखिकेच्या मते या संपूर्ण परंपरेतील सर्वांत विचारप्रवर्तक अभ्यास १९९२ चा आहे. बॅक्स्टर यांच्याच गटाने नऊ रुग्णांना फ्लुऑक्सेटिन हे औषध आणि नऊ रुग्णांना वर्तनोपचार दिला आणि सुमारे दहा आठवड्यांच्या उपचारापूर्वी व नंतर त्यांचे पेट स्कॅन केले.

वर्तनोपचाराची ही पद्धत व्हिक्टर मेयर यांच्या १९६६ मधील कार्यातून विकसित झालेली आहे. रुग्णाला ज्याची भीती वाटते त्याच्या संपर्कात टप्प्याटप्प्याने आणायचे, आणि नंतरची अनिवार्य कृती करू द्यायची नाही. दाराच्या मुठीला हात लावायचा आणि हात न धुता बसून राहायचे. अस्वस्थता चढते, शिगेला पोहोचते आणि मग कृती न करताही ओसरते. हे पुन्हा पुन्हा अनुभवल्यावर घंटेचा आवाज मंदावतो. यात कोणतेही रसायन शरीरात जात नाही.

असे असूनही, ज्यांना गुण आला अशा दोन्ही गटांतील रुग्णांच्या उजव्या कॉडेट केंद्रकाच्या शीर्षभागातील चयापचय कमी झाला होता. गोळी घेणारा आणि गोळी न घेता मुठीला हात लावून बसणारा, दोघांच्याही मेंदूत एकाच जागी बदल दिसला. शिवाय उपचारापूर्वी ऑर्बिटल भाग, कॉडेट केंद्रक आणि थॅलॅमस यांच्या क्रियांत जो घट्ट सहसंबंध होता, तो गुण आल्यावर सैल झाला. १९९६ मध्ये जेफ्री श्वार्ट्झ व सहकाऱ्यांनी वर्तनोपचार घेतलेल्या आणखी नऊ रुग्णांवर हा निष्कर्ष पडताळून पाहिला.

'आजार मेंदूचा असेल तर समुपदेशनाचा काय उपयोग?' हा प्रश्न आपल्याकडे सुशिक्षितही विचारतात. त्याला या अभ्यासाने दिलेले उत्तर आजही अध्यापनात उपयुक्त आहे. मेंदूचा आजार आणि मनाचा आजार अशी विभागणी करून पहिल्याला गोळी व दुसऱ्याला बोलणे अशी वाटणी करता येत नाही, कारण शिकणे हीदेखील मेंदूत घडणारी घटना आहे. तथापि हा नमुना नऊ अधिक नऊ एवढाच होता, हेही विद्यार्थ्यांना सांगितले पाहिजे. पुढील अभ्यासांत उपचारानंतरच्या बदलांची जागा आणि दिशा प्रत्येक वेळी अशीच आढळलेली नाही.

एक विकार की अनेक?

धुणारा, तपासणारा आणि साठवणारा हे तिघेही एकाच गटात घालून काढलेल्या सरासरीला अर्थ किती, हा प्रश्न डेव्हिड माताइ-कोल्स व सहकाऱ्यांनी २००४ मध्ये लंडनमध्ये उपस्थित केला. १६ रुग्ण व १७ निरोगी व्यक्तींना धुणे, तपासणे व साठवणे यांच्याशी संबंधित चित्रे दाखवली असता तीन लक्षण-प्रकारांशी निगडित मेंदूभाग बऱ्याच अंशी वेगवेगळे निघाले. २०१३ मध्ये अमेरिकन मनोविकार संघटनेच्या वर्गीकरणाच्या पाचव्या आवृत्तीत अनिवार्य साठवणूक हा स्वतंत्र विकार मानण्यात आला आणि मंत्रचळ चिंताविकारांच्या गटातून बाहेर काढण्यात आला. या बदलांमागे केवळ प्रतिमांकन नव्हते, परंतु त्याचा वाटा होता.

नमुना मोठा झाला तेव्हा

वर उल्लेखिलेल्या अभ्यासांतील आकडे वाचकाच्या लक्षात आले असतीलच : १४, ९, ८, १६. यंत्राचा खर्च आणि रुग्ण मिळण्यातील अडचण पाहता ते समजण्याजोगे आहेत. परंतु लहान नमुन्यात योगायोगाने आलेला मोठा फरक प्रसिद्ध होतो आणि न आलेला फरक कपाटात राहतो. यावर उपाय म्हणून जगभरातील केंद्रांनी आपले स्कॅन एकत्र करून एकाच पद्धतीने विश्लेषण करण्याचा 'एनिग्मा' हा उपक्रम सुरू केला. त्याच्या मंत्रचळविषयक गटात बंगळूरूच्या निमहान्स या संस्थेचाही सहभाग आहे.

या गटाचा २०१७ मधील अभ्यास १,८३० रुग्ण आणि १,७५९ निरोगी व्यक्तींच्या मेंदूच्या खोल भागांच्या आकारमानावर आधारलेला होता. प्रौढ रुग्णांत हिप्पोकॅम्पस सरासरीने किंचित लहान आणि पॅलिडम किंचित मोठा आढळला. ज्या कॉडेट केंद्रकाभोवती सिद्धांत उभा राहिला, त्याच्या आकारमानात मात्र प्रौढांत सार्थ फरक निघाला नाही. येथे आकारमान आणि क्रिया या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे खरे. आकार न बदलताही क्रिया बदलू शकते.

पण आढळलेला फरक तरी केवढा होता? पॅलिडमच्या बाबतीत तो प्रमाण विचलनाच्या सुमारे ०.१६ पट होता. हा आकडा फळ्यावर समजावून सांगण्याची एक रीत अशी : एक रुग्ण आणि एक निरोगी व्यक्ती चिठ्ठी टाकून निवडा आणि कोणाचा पॅलिडम मोठा आहे ते पाहा. अशा शंभर जोड्यांपैकी सुमारे ५४-५५ जोड्यांत रुग्णाचा मोठा निघेल आणि उरलेल्या ४५-४६ जोड्यांत निरोगी व्यक्तीचा. नाणे उडवले तरी शंभरात पन्नास मिळतात! दोन्ही गटांचे वक्र काढले तर ते जवळजवळ एकमेकांवर पडतील. हजारोंच्या नमुन्यात हा फरक संख्याशास्त्रीयदृष्ट्या खात्रीचा ठरतो, आणि तरीही एका व्यक्तीबाबत निरुपयोगी राहतो. 'सार्थ' आणि 'मोठा' हे समानार्थी शब्द नाहीत, हे शिकवण्यास याहून चांगले उदाहरण क्वचित मिळेल.

दुसरी बाब अधिक अडचणीची आहे. हा फरक मुख्यतः औषधे घेत असलेल्या रुग्णांत आढळला. औषधाने मेंदूत बदल झाला, की ज्यांचा आजार अधिक तीव्र आणि जुना होता त्यांनाच औषध सुरू झाले होते? एका वेळी घेतलेल्या स्कॅनवरून हे ठरवता येत नाही. संगणकाला शिकवून स्कॅनवरून रुग्ण ओळखण्याचा प्रयत्न याच माहितीवर २०२० मध्ये झाला तेव्हाही हेच पुन्हा समोर आले. एकूण गटात ओळख कमकुवत ठरली आणि औषध न घेणारे रुग्ण तर निरोगी व्यक्तींपासून जवळजवळ वेगळे काढताच आले नाहीत. औषध घेणारे त्यामानाने बरे ओळखता आले. थोडक्यात, यंत्र कदाचित आजाराऐवजी औषधाची चिठ्ठी वाचत होते.

विश्रांत अवस्थेत मेंदूचे भाग परस्परांशी कसे जोडलेले असतात, याचा २०२३ मधील अभ्यास १,०२४ रुग्ण व १,०२८ निरोगी व्यक्तींवर झाला. त्यात जोडण्या व्यापक प्रमाणात पण किंचित कमकुवत आढळल्या, थॅलॅमसशी निगडित थोड्या जोडण्या वाढलेल्या दिसल्या, आणि ज्या ललाट ते बेसल गँग्लिया वलयाची एवढी चर्चा झाली त्यात विशेष बिघाड आढळला नाही. वलयाचा सिद्धांत त्यामुळे खोटा ठरत नाही. लक्षणे उसळलेली असतानाच वलय तापत असेल आणि स्वस्थ पडून राहिल्यावर ते दिसत नसेल, हे शक्य आहे. परंतु पाठ्यपुस्तकातील दोन चित्रांइतके सोपे काही उरलेले नाही, एवढे निश्चित.

कारण की परिणाम?

दिवसातून सहा तास हात धुणाऱ्याच्या मेंदूत फरक दिसला, तर तो धुण्याचे कारण की धुण्याचा परिणाम? प्रतिमांकन या प्रश्नाला स्वतःहून उत्तर देऊ शकत नाही. त्यासाठी वलयात हस्तक्षेप करून पाहावे लागते. २०१३ मध्ये उंदरांवरील दोन प्रयोग एकाच वेळी प्रसिद्ध झाले. सुझॅन अहमारी व सहकाऱ्यांनी ऑर्बिटोफ्रंटल भागाकडून बेसल गँग्लियाकडे जाणाऱ्या मार्गाला प्रकाशाद्वारे दिवसेंदिवस चेतना दिली, तेव्हा उंदीर अतिरेकी अंग चाटू लागले आणि हे वर्तन चेतना थांबल्यावरही टिकले. एरिक ब्युर्गियेर व सहकाऱ्यांनी जनुकीय दोषामुळे आधीच असे वर्तन करणाऱ्या उंदरांत शेजारच्याच एका मार्गाला चेतना दिली, तेव्हा ते वर्तन थांबले. एका मार्गाने आजार निर्माण होतो आणि दुसऱ्याने शमतो, म्हणजे 'वलय अतिसक्रिय आहे' हे विधानही फार ठोकळ आहे. अर्थात अंग चाटणारा उंदीर म्हणजे मंत्रचळाचा रुग्ण नव्हे. त्याच्या मनात नको असलेला विचार येतो का, हे विचारण्याची सोय नाही.

माणसांत असा हस्तक्षेप केवळ अत्यंत तीव्र व सर्व उपचारांना दाद न देणाऱ्या रुग्णांपुरता मर्यादित आहे. बेल्जियममधील बार्ट नटिन व सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये मेंदूत विद्युत्-अग्रे बसवून सौम्य चेतना देण्याचा प्रयोग प्रसिद्ध केला. २००९ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या उपचाराला मर्यादित स्वरूपाची, अनुकंपात्मक परवानगी दिली. कोठे अग्र बसवायचे या निर्णयाला प्रतिमांकनाच्या संशोधनाने बळ दिले, हा या परंपरेचा प्रत्यक्ष रुग्णोपयोगी लाभ म्हणता येईल.

चित्राचा मोह आणि कागदाची गरज

२००८ मध्ये डीना वाइसबर्ग व सहकाऱ्यांनी दाखवून दिले की एखाद्या मानसशास्त्रीय घटनेच्या सदोष स्पष्टीकरणाला मेंदूविषयीची असंबद्ध माहिती जोडली तरी सामान्य वाचकांना ते अधिक समाधानकारक वाटते. प्रस्तुत लेखिकेस वर्गातही हा अनुभव येतो. 'त्याला खात्री वाटत नाही म्हणून तो तपासतो' या विधानावर विद्यार्थी मान हलवत नाहीत, 'त्याचे कॉडेट केंद्रक चाळणी करत नाही' यावर हलवतात, वास्तविक दुसऱ्या वाक्याचा आधार पहिल्याहून कच्चा आहे.

मेंदूच्या भाषेचा रुग्णाला दिलासा मात्र मिळतो, हे नाकारता येत नाही. 'हा मी नव्हे, हा माझा आजार आहे' असे स्वतःला सांगण्यास शिकवताना श्वार्ट्झ यांनी स्कॅनच्या चित्रांचा उपयोग केला. दोष स्वभावात नाही हे कळल्याने अपराधभाव हलका होतो. पण या दिलाशाला दुसरी बाजूही आहे. क्वाले, हॅस्लम व सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये केलेल्या एकत्रित विश्लेषणात असे दिसून आले की मनोविकारांचे जैविक स्पष्टीकरण दिल्याने लोक रुग्णाला दोष कमी देतात, परंतु तो बरा होण्याविषयी अधिक निराश होतात. मंत्रचळाच्या बाबतीत ही निराशा विशेष अन्यायकारक आहे, कारण उपलब्ध औषधांचा व वर्तनोपचाराचा मोठ्या संख्येने रुग्णांना लाभ होतो.

आज मंत्रचळाचे निदान मुलाखतीने होते. विचार व कृती यांत दिवसाचा किती वेळ जातो, त्रास किती होतो, प्रतिकार करता येतो का, हे विचारणारी दहा प्रश्नांची येल-ब्राउन श्रेणी १९८९ मध्ये गुडमन व सहकाऱ्यांनी तयार केली. तिचे गुण ० ते ४० असतात, आणि उपचाराने फरक पडला की नाही हे प्रतिमांकनाचे संशोधकही तिच्याच आधारे ठरवतात. म्हणजे स्कॅनचा अर्थ लावण्यासाठी प्रश्नावली लागते, प्रश्नावलीसाठी स्कॅन लागत नाही. उतारवयात लक्षणे अचानक सुरू झाली, किंवा त्यांच्या जोडीला फिट्स, अंगाची कमजोरी अशी चिन्हे असली, तर गाठ किंवा अन्य आजार नाही ना हे पाहण्यासाठी डॉक्टर स्कॅन सांगतात. तो स्कॅन मंत्रचळ शोधण्यासाठी नसतो.

आणि 'हा आजार आहे' हे सांगणारा कागद? तोही उपलब्ध आहे. भारतात मानसिक आजारामुळे येणाऱ्या दिव्यांगत्वाचे मापन 'आयडियाज' या श्रेणीने केले जाते. भारतीय मनोविकारतज्ज्ञ संघटनेने ती तयार केली तेव्हापासूनच मंत्रचळ हा तिच्या कक्षेतील मोजक्या आजारांपैकी एक आहे. तीत स्वतःची काळजी, परस्परसंबंध, संवाद व आकलन आणि काम या चार क्षेत्रांत माणूस किती अडतो आणि आजार किती वर्षांचा आहे हे पाहिले जाते. दिव्यांगत्व ४० टक्के किंवा अधिक ठरल्यास २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाखालील सवलतींसाठी प्रमाणपत्र मिळते. त्या मापनाच्या तक्त्यात मेंदूच्या प्रतिमेसाठी रकाना नाही. वर्गानंतर थांबून प्रश्न विचारणाऱ्या विद्यार्थ्याला मी अलीकडे फळ्यावर दोन एकमेकांवर पडलेले वक्र काढून दाखवते, आणि नंतर जिल्हा रुग्णालयातील मनोविकार विभागाच्या बाह्यरुग्ण तपासणीचे वार त्याच्या वहीत लिहून देते.